आबांच्या कानातलं यंत्र

मी बोलतोय खरा, पण माझ्या बोलण्याची कुणालाच सवय नाही. मी कानात घालायचं यंत्र आहे. शेंगदाण्याएवढा जीव. दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं आणि आपण गप्प राहायचं, हाच माझा धर्म. मला डोळे नाहीत. म्हणून सांगतोय ते सगळं ऐकलेलं आहे, पाहिलेलं काहीच नाही.

माझे मालक शालिग्राम आबा. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी ते आणि त्यांचा दोस्त उखर्डू एकाच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथल्या धडधडाटात आबांचे कान निम्मे गेले. पुढे ते मजुरांचे पुढारी झाले, मग आमदार, मग राज्यमंत्री. मंत्री होऊन गावी परतले त्या मिरवणुकीत कुणीतरी उत्साहाच्या भरात अगदी कानाशी सुतळी बॉम्ब फोडला आणि उरलंसुरलं ऐकू येणंही जवळजवळ गेलं. "मंत्रिपद आलं नि कान गेले," असं आबाच सगळ्यांना हसत सांगायचे.

मी तेव्हा धुळ्यातल्या एका दुकानात डबीत पडून होतो. कुठे जन्मलो, कुणी घडवलं, मला आठवत नाही. मला जाग आली ती आबांच्या उजव्या कानात. माझ्यातून आत गेलेला पहिला आवाज त्यांच्या बायकोचा, सुमनबाईंचा.

"आतेतरी मन्हं ऐकशात ना?"

आबा खो खो हसले. ते हसू मला कानाच्या आतून जाणवलं. आपण चांगल्या घरी पडलो, असं वाटलं.

ते दिवस खरोखर चांगले होते. आबा गावी आले की ओटा माणसांनी भरायचा. कुणाची विजेची डीपी जळलेली, कुणाच्या मुलीची बदली अडलेली. माणसांची एक गंमत मला तिथेच कळली. बहिऱ्याशी बोलताना ती ओरडतात, आणि बहिऱ्याच्या पाठीमागे बिनधास्त कुजबुजतात. ओरडणंही मी पोचवायचो, कुजबुजणंही. उखर्डूच्या शेताजवळच्या नाल्यावर बांध घालायचं काम त्याच ओट्यावर ठरलं. तो बांध झाला, पाणी अडलं आणि उखर्डूची विहीर भर उन्हाळ्यात टिकली. आबा भाषणात सांगायचे, "मी मंत्री झालो ते या एका बांधासाठी."

पण माझ्या पाठीवर एक बारीक बटण आहे. ते दाबलं की मी मेल्यासारखा होतो.

आबांनी ते पहिल्यांदा दाबलं ते विधानसभेतल्या गोंधळात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग कंटाळवाण्या सत्कारात दाबलं. मग ओट्यावर. बटण दाबून नुसती मान हलवली तरी माणसं समाधानाने परत जातात, हे त्यांना कळलं. मी पुन्हा चालू व्हायचो तेव्हा जाणाऱ्यांचे शब्द कानी पडायचे, "साहेबांनी सगळं ऐकून घेतलं हो!"

पुढच्या निवडणुकीत पक्षाने आबांचं तिकीट कापलं. एवढा वाजणारा फोन गप्प झाला. ओट्यावर चिमण्यांचा आवाज यायला लागला. आबा उगाचच मला काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे.

तेव्हा मुलगा हितेंद्र सुरतेहून परतला. तिथे तो कापडाच्या धंद्यात मुरला होता.

"आबा, राजकारण झालं. आता धंदा करू. सूत रंगवायचा कारखाना. पैसा मी उभा करतो, तुम्ही फक्त माणसांना फोन करा. तुमच्या नावाला अजून वजन आहे."

आबांचा आवाज कितीतरी दिवसांनी तरतरीत झाला. एका फोनवर जमीन, दुसऱ्यावर वीज, तिसऱ्यावर परवाने. कारखाना गावच्याच शिवारात, नाल्याच्या वरच्या अंगाला उभा राहिला. पोरांना काम मिळालं. 'मंत्रीसाहेब' म्हणणारे 'चेअरमनसाहेब' म्हणू लागले, आणि आबांना तेही आवडलं.

एके दिवशी उखर्डू कारखान्याच्या ऑफिसात आला. "शालिग्राम, तुले एक सांगानं शे," एवढंच म्हणाला. हितेंद्र आबांच्या कानाशी वाकला, "आबा, हे पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन आलेत. नुसतं हो म्हणा, मी बघतो."

आबांचं बोट माझ्याकडे आलं.

पुढे उखर्डू काय बोलला, मला माहीत नाही. मी नव्हतोच. आयुष्यात कधी हात नसल्याचं दुःख झालं नव्हतं, त्या दिवशी झालं.

मग पोळ्याच्या आसपास तो घरी आला. दारातच सुमनबाई म्हणाल्या, "आज ते बटन दाबशात तर मन्ही आन शे तुम्हले." बोट माझ्यापर्यंत आलं होतं, ते मागे गेलं.

"बोल उखर्डू."

"काय बोलू? तू बांध बांधा, तव्हय मन्ही विहीरले पानी उनं. आते तोच बांध तुन्हा कारखानामधलं रंगनं पानी अडावस. बठ्ठं पानी जांभळं व्हई गयं. म्हैस तोंड लावत नही. मी बोंबलू बोंबलू थकी गऊ."

आबांनी काठी घेतली आणि त्याच्याबरोबर चालू लागले. विहिरीत बादली पडल्याचा आवाज मी ऐकला. ती वर आली आणि रहाट थांबला.

"आठे बेडूक बी वरडत नही आते," उखर्डू म्हणाला.

संध्याकाळी आबा मुलाला म्हणाले, "कारखाना बंद ठेव. पाणी शुद्ध करायचं यंत्र बसव, मग चालू कर."

"आबा, एवढे दिवस बंद ठेवला तर ऑर्डरी जातील. गावातली पोरं घरी बसतील, त्यांना काय सांगू?"

"मी चेअरमन आहे."

"नावाला, आबा. कागदावर तुमची सही कधीच लागत नव्हती." हितेंद्र रागावून बोलला नाही. लहान मुलाची समजूत घालावी तसं बोलला.

आबांनी एका बड्या अधिकाऱ्याला फोन लावला. एके काळी ज्यांच्या एका शब्दावर तो धावत यायचा, तेच आबा आज विनवत होते, "माझ्याच कारखान्याची तपासणी करा." पलीकडून "हो साहेब, नक्की साहेब," झालं. फोन ठेवला. थोड्याच वेळात शेजारच्या खोलीत हितेंद्रचा फोन वाजला.

"हो, बोला... अहो, वय झालंय त्यांचं. मनावर घेऊ नका. मी आहे ना."

हे वाक्य भिंतीपलीकडून आलं, हळू आवाजात आलं. उघड्या कानांना ते कधीच ऐकू गेलं नसतं. मी पोचवलं. मला दुसरं काही येतच नाही. आबांच्या कानाची पाळी तापल्याचं मला जाणवलं, पण आलेला शब्द परत घ्यायची सोय माझ्यात केलेली नाही.

मग आबा ग्रामसभेत उभे राहिले. "पाणी आपल्या कारखान्यानं नासवलं," म्हणाले. पोरं ओरडली, "आबा, आम्हना पोटवर पाय का देतस?" माईक कुणीतरी काढून घेतला. त्यानंतरचं त्यांचं बोलणं फक्त त्यांना आणि मला ऐकू आलं.

उखर्डू अजून येतो. सुमनबाई चहा करतात. आता बटणाला बोट लागत नाही. सकाळपासून निजेपर्यंत मी चालूच असतो. परवा आबा म्हणाले, "सांग ना काही. ऐकी ऱ्हायनू मी."

उखर्डूने बशीतला चहा फुर्रकन ओढला. "काय सांगू? तुले आते ऐकू यी ऱ्हायनं, पन तुन्हं कोन ऐकस?"

रोज सकाळी गल्लीत पाण्याचा टँकर येतो. हितेंद्रनेच सुरू केलाय. हंडे-कळश्यांचा गलका होतो, त्यात सुमनबाईंच्याही हाका असतात. टँकरवर आबांचा फोटो आहे म्हणे, आणि भोंग्यावर तीच टेप लागते, "आपले लाडके माजी मंत्री शालिग्राम आबा यांच्या कृपेने, पिण्याचं शुद्ध पाणी, अगदी मोफत!"

आबा तेव्हाही मला काढत नाहीत. ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकतात.

वाचणाऱ्यांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुम्हाला हात आहेत. कुणीतरी जा आणि ती टेप तेवढी बंद करा.