फू आजींच्या खलातला चरा

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. सिचुआनमध्ये नदीकाठी फू आजींची टोफूची खानावळ आहे, तिथेच माझे आयुष्य गेले. पाथरवटाने मला घडवताना त्याची छिन्नी घसरली आणि माझ्या पोटात एक चरा राहिला. मला त्याची फार लाज वाटे.

आमच्याकडे तिरफळासारखी लाल फळे होतात. त्यांनी जीभ झिणझिणते आणि बधिर होते. आजी ती मंद आचेवर भाजून माझ्यात कुटत. पूड चऱ्यापर्यंत आली की हात थांबे. एका कढईचे तेच माप!

पुढे विजेचे यंत्र आले. बत्ता दाराला अडसर झाला आणि मी अंगणात गेलो, माझ्यात कोंबड्यांचे पाणी आले. त्यांच्या चोचींचा टकटक आवाज मला आवडे.

एकदा आजी आजारी पडल्या. त्याच दिवशी न्यू नावाड्याच्या सत्तरीचे जेवण होते, दहा टेबलांचे. सून लानफेन एकटीच रांधत होती. ती चाखे, 'कमीच आहे' म्हणे आणि त्या पुडीची चिमूट टाके. पुन्हा चाखे, पुन्हा टाके.

न्यूकाका सकाळीच चव बघायला आले. एक घास खाल्ला आणि तोंड चाचपू लागले.

"लानफेन, माझे ओठ जागेवर आहेत का गं? पाहुण्यांना हेच वाढणार असशील, तर मी त्यांना नदीपलीकडे जेवायला नेतो!"

लानफेन रडतच आजींकडे धावली.

"कितीदा चाखलंस?" आजींनी विचारले.

"आठदा असेल, आई."

"अगं वेडे, तिसऱ्या घासाला जीभ झोपते. झोपलेल्याला काय विचारतेस? खलातला चरा बघ."

"त्यात तर कोंबड्या पाणी पितात!"

"मग ओतून टाक की ते!"

तिने दाराचा बत्ता काढून आणला, मला घासले, चुलीपाशी वाळवले, चऱ्यापर्यंत पूड कुटली आणि नव्या कढईत घातली. या वेळी एकदाही चाखले नाही.

दुपारी न्यूकाकांनी घास घेतला. सगळे टेबल त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आता ओठही आहेत आणि टोफूही!" ते म्हणाले आणि वाटी पुढे केली.

मित्रांनो, ज्या चऱ्याची मला लाज वाटे, त्यानेच त्या दिवशी घराची लाज राखली. त्या पाथरवटाचे मी रोज आभार मानतो. कोंबड्यांचेही मानतो, कारण त्यांच्यामुळेच मी अंगणात टिकलो. तुमच्या घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिच्या पोटात डोकावून बघाल ना?