थँकफुलचं चित्र

माझी धाकटी बहीण थँकफुल तापानं गेली, तेव्हा व्हरमाँटमधल्या आमच्या गावात एक फिरता चित्रकार आला होता. आईनं त्याला तिचं चित्र काढायला घरी बोलावलं. त्यानं थँकफुलला फक्त शवपेटीत पाहिलं होतं, म्हणून तिचा लाल झगा घालून मला समोर बसवलं. झगा काखेत काचत होता. हातात मान टाकलेला गुलाब दिला होता.

आई एकसारखी येरझाऱ्या घालत होती. "ही नव्हे ती. हनुवटी बदला." चित्रकार पेलहॅमसाहेबांनी हनुवटी बदलली, मग केस, मग ओठ. तिचं समाधान होईना.

मी पाय खाजवला तशी ती कडाडली, "केझाया, चुळबुळ करू नकोस! थँकफुल कशी शहाण्यासारखी बसली असती!"

"थँकफुल?" मी म्हणाले. "अगं आई, ती प्रार्थनेलासुद्धा बसायची नाही. बाकाला बांधून ठेवीन, असं तूच म्हणायचीस ना तिला?"

आई थबकली. तिला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. दफनानंतर पहिल्यांदाच.

मग डोळे पुसून म्हणाली, "तो गुलाब काढून टाका. तिला पळताना दाखवा."

"बाई, गेलेलं मूल शांत दाखवायची रीत आहे."

"असेल. पण शांत बसलेली ती मला ओळखूच येत नाही."

चित्रात थँकफुलचा एक मोजा घसरलाय आणि एक पाय हवेत आहे. आईनं ते चुलीवरच्या भिंतीवर लावलं. पाहुणे नाकं मुरडायचे. आई मात्र कामं करता करता चित्राकडे बघून म्हणायची, "हळू गं, पडशील."