पगाराचे शर्ट

कारखान्यात तिला सगळे ‘कॉलरवाली’ म्हणत. कॉलरीची दोन्ही टोकं तिच्या हातून अशी सारखी उतरायची की मास्तर नव्या बायकांना तिच्या मशीनपाशी आणून उभं करायचा. शर्ट सगळे समुद्रापलीकडे जायचे. तिकडची माणसं धिप्पाड. एकेका शर्टात तिचा नवरा आणि सासू दोघंही मावले असते.

नवरा पार्सलं पोचवायच्या गाडीवर होता. दिवसभर दुसऱ्यांच्या दारात नवी खोकी ठेवून ठेवून त्याला वाटायला लागलं, एखादं खोकं आपल्याही दारात यावं. आधी फोन आला, मग भिंतभर टीव्ही, मग सोफा. सगळं हप्त्यावर. सासूबाई म्हणायच्या, “अंथरूण पाहून पाय पसरावेत रे.” तो हसून म्हणे, “आई, आता अंथरूणसुद्धा हप्त्यावर मिळतं.”

कॉलरवालीही हसायची. कपडे धुवायचं मशीन तर तिनंच हट्टानं घेतलं होतं. दिवसभर वाकून शिवायचं आणि घरी येऊन पुन्हा वाकून धुवायचं, तिची कंबर काही लोखंडाची नव्हती. दोघांचे पगार येत होते, हप्ते जात होते. शिल्लक काही पडत नव्हती, पण अडतही नव्हतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मास्तरनं सगळ्यांना गोळा केलं.

“तिकडच्या सरकारनं आपल्या मालावर जबर कर बसवलाय,” तो म्हणाला. “आपला शर्ट तिथं दीडपट महाग झालाय. गिऱ्हाइकानं ऑर्डर काढून घेतली.”

“पण मास्तर, आपण काय केलं?” तिच्या शेजारच्या मशीनवरची काजवाली म्हणाली. काजं-बटणं तिच्याकडे असायची. दोघी रोज एकाच डब्यात जेवायच्या.

“आपण काही नाही केलं. दोन सरकारांचं वाजलंय.”

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसऱ्याचीच कंबर मोडली. आधी जादा काम बंद झालं, मग एकाआड एक दिवस काम, आणि महिनाअखेरीला मालकानं हात वर केले. रोकड नाही, म्हणाला. गोदामात माल पडलाय, पगाराच्या जागी शर्ट घेऊन जा.

नवऱ्यानं ते गठ्ठे पाहिले आणि त्याचे डोळेच चमकले. “अगं, परदेशात जाणारा माल आहे हा! बाजारात बसलो तर पगाराच्या वर पैसे सुटतील.”

रविवारी ती चौकात गेली, चादर अंथरली आणि मान वर करून पाहिलं. कोपऱ्यापासून पुलापर्यंत चादरीच चादरी, आणि प्रत्येकीवर तोच निळ्या रेघांचा शर्ट. सगळा कारखाना रस्त्यावर बसला होता. शेजारी काजवाली होती.

“बस गं,” काजवाली सरकून म्हणाली. “इथंही शेजारीच.”

दुपारपर्यंत फारसं कुणी फिरकलं नाही. जे आले त्यांनी शर्ट अंगाला लावला, ढगळ बाह्यांकडे पाहून हसले आणि गेले. मग एक जाडजूड गृहस्थ काजवालीपुढे थांबले. शर्ट त्यांना बरोबर बसत होता. सहा हवे होते. काजवालीनं भाव सांगितला. ते घासाघीस करू लागले.

कॉलरवालीला उद्याचा हप्ता दिसत होता. तिच्या तोंडून निघून गेलं, “साहेब, इकडे घ्या. निम्म्यात देते.”

गृहस्थ वळले. काजवालीनं तिच्याकडे पाहिलं. मग, “त्याहून कमी करते,” ती कोरड्या आवाजात म्हणाली. कॉलरवालीनं भाव आणखी उतरवला. शेवटी सहा शर्ट कापडाची किंमतही भरून न येणाऱ्या पैशांत गेले, कॉलरवालीच्या चादरीवरून. काजवालीनं गठ्ठा बांधला, डोक्यावर घेतला आणि निघून गेली.

त्या पैशांत हप्ता काही भागला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढच्या महिन्यात वसुलीवाला आला, सोबत दोन हमाल. माणूस वाईट नव्हता. सासूबाईंनी दिलेलं पाणी प्यायला, कपडे धुवायच्या मशीनची नळी स्वतः सोडवली आणि हमालांना ते उचलायला सांगितलं.

“म्हणजे आता हप्ता मिटला?” कॉलरवालीनं विचारलं.

“नाही ताई. हे विकून जे येईल ते वळतं होईल. उरलेले तुम्हालाच भरायचे.”

“वस्तू नाही आणि हप्ता आहे?”

“सगळीकडे तसंच आहे,” तो म्हणाला आणि जिना उतरला.

नवऱ्याच्या गाडीवरही पार्सलं निम्म्यावर आली होती. लोकांनी मागवणंच सोडलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं फोनवर दुसरं कर्ज शोधलं, पहिलं फेडायला. जामीन म्हणून तिची संमती लागत होती.

“व्याज किती?” तिनं विचारलं.

“ते नको विचारूस.”

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. तिनं फोनवर अंगठा टेकवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरचा निरोप आला. गावातल्या एका दुकानासाठी थोडं काम निघालं होतं, निम्म्या मजुरीवर. कॉलरीला एक बाई पुरे. काजं-बटणं बाहेरून करून घेणार होते.

ती तडक काजवालीच्या खोलीकडे गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नुसतं समोर उभं राहायचं होतं. दार सताड उघडं होतं. आत रंगारी भिंतीला चुना फासत होता.

“इथल्या बाई?”

“भाडं थकलं होतं. गेल्या भावाकडे,” शेजारीण म्हणाली. “भाऊ कुठं असतो ते काही बोलल्या नाहीत.”

ती परत आली तेव्हा नवरा सोफ्यावर बसून फोन चाळत होता.

“कुठं गेली होतीस?”

“कुठं नाही,” ती म्हणाली. “मास्तरचं काम घेतलंय. सकाळी लवकर उठव.”