अरोमिल

नसरीनने डोळे मिटून तळहात पुढे केला. गफ्फारने त्यावर कडुनिंबाचं पान ठेवलं.

"अरोमिल," ती म्हणाली.

"बराबर."

गॅरेजचं शटर ओढून बापलेक पायरीवर बसले होते. उद्या यवतमाळला तिची वनस्पतीशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षक म्हणून आज अब्बा.

अरोमिल: ज्यावर लव नाही असं पान.

"म्हंजे गुळगुळीत," गफ्फार म्हणाला होता.

"नाई अब्बा. खरखरीत पानबी अरोमिल राहू शकते. फक्त केस नको."

"मंग तुहा मामू अरोमिल."

"टोपी काढली की," नसरीन म्हणाली, आणि दोघं बराच वेळ हसले होते.

लवदार: ज्यावर बारीक, मऊ केस असतात असं पान. डोळ्याला चटकन दिसत नाही, बोटाला कळतं.

तिथंच गफ्फारचं घोडं अडलं होतं. बॅटरीचं तेजाब आणि गॅरेजमधले पाने-पक्कड यांत त्याच्या बोटांची टोकं कधीच मेली होती. नट आट्यात बसला की नाही, हे तो आता आवाजावरून ओळखायचा. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. 'तुमचे हात थकले की दुकान मी पाह्यन, कॉलेज राह्यलं,' असं नसरीन एकदा बोलून गेली होती. आणि ती बोलली की करणारी होती.

म्हणून ती जे म्हणेल ते बराबर.

आणखी दोन पानं तशीच 'बराबर' ठरली. त्याने पुढचं पान ठेवलं.

"अरोमिल."

"बराबर."

नसरीनने डोळे उघडले.

"कपाशीचं हाय हे, अब्बा. केवढी लव हाय याच्यावर. मी मुद्दाम चुकून राह्यली. हे चुकवलेलं तिसरं पान."

गफ्फार हसायला गेला, जमलं नाही. त्याने पान तिच्या हातातून घेतलं आणि सवयीने गालाला लावलं, दाढीच्या जरा वर.

"हाय," तो हळूच म्हणाला. "लव हाय."

नसरीन त्याच्याकडे बघत राहिली.

"मले ताप आला की तुम्ही असाच गाल लावत होते कपाळाले. अम्मी हात लावे, तुम्ही गाल. मले वाटे, लाड करून राह्यले."

"लाडबी होते."

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला. गफ्फार फडक्याने हात पुसत राहिला, पुसलेलेच.

"उद्याची गाडी..." त्याने विचारलं.

"जाणार ना. घरात एकाच्या तरी बोटाले कळलं पाह्यजे."

तिने ढिगातलं पळसाचं पान उचललं. त्याने हात पुढे केला; तिने पान उलटं करून त्याच्या गालाला टेकवलं.

"डोळे मिटा."

गफ्फारने मिटले.

"दाढी धरू नका त्यात," ती म्हणाली. "पानाचंच सांगा."