चौथ्या नंबरची बाई

मानसशास्त्राच्या एम.ए.ला हर्षिताला निरीक्षणाचा प्रकल्प होता आणि तो तिनं घरच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, करायचं ठरवलं, इथंच पहिली माशी शिंकली. तिच्या वर्गातल्या गोंदियाच्या मुली बसस्टँडवर, बागेत, चाटच्या ठेल्यापाशी वह्या उघडून बसल्या. हिला वाटलं, आपल्या कामठ्यात धानाची रोवणी चालू आहे, बारा बाया दिवसभर एका ओळीत डोळ्यांसमोर असतात, याहून सोपं काय? प्रकल्प तपासणाऱ्या घनश्याम सरांनीही मान डोलावली. फक्त बजावलं, की नावं लिहायची नाहीत, नंबर टाकायचे. आणि दिसेल तेवढंच लिहायचं, आपल्याला वाटेल ते नाही.

तिनं सगळं तसंच केलं. बायांना विचारलं, त्यांनी हसून होकार दिला. मग धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, छत्री धरून ती बसली. दर दहा मिनिटांनी मान वर करायची आणि त्या क्षणी प्रत्येक बाई काय करते त्याची खूण करायची. वाकलेली, उभी, बोलणारी, बांधीबाहेर गेलेली. डावीकडून पहिली ती एक नंबर, दुसरी ती दोन, असं बारापर्यंत. सगळं शास्त्राला धरून झालं, या समाधानात तिनं संध्याकाळी कागद छपरीतल्या खाटेवर टाकला आणि ती हातपाय धुवायला गेली.

आता गोम अशी, की रोवणीच्या ओळीत जागा ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी जी जिथं उभी राहिली ती हंगाम संपेस्तोवर तिथंच. मुन्नालालच्या बांधीत चौथी कोण, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पुस्तकात नंबरामागं नाव लपत असेल, इथं नंबर हेच नाव. हे हर्षिताला लहानपणापासून माहीत होतं आणि नेमकं तेव्हाच आठवलं नाही. शिकलेल्या माणसाचं असंच होतं.

ती परत आली तेव्हा तिचे वडील मुन्नालाल आणि शेजारचा श्यामलाल कागदावर वाकले होते.

“चौथीच्या पुढं उभ्याच्या चौदा खुणा,” श्यामलाल म्हणाला. “बाकीच्यांच्या तीन, नाई तं चार. जमुना तं तुया बांधीत उभी राहालेच येते, मुन्नाभाऊ.”

आपल्याच पोरीच्या कागदावरून शेजाऱ्यानं हसावं, हे मुन्नालालला झोंबलं. हर्षितानं कागद ओढून घेतला, पण ते वरातीमागून घोडं.

“बाबा, हे कॉलेजचं आहे. कोण किती काम करते, ते पाहाले नाही लिहिलं.”

“लिहिलं तं तूनंच ना?” मुन्नालाल म्हणाला आणि त्यानं टोळीची पुढारीण रुख्मा हिला फोन लावला. “उद्यापासून जमुनाले आणू नोको.”

सकाळी अकरा बाया आल्या. चौथ्या जागेवर पाणी तेवढं चमकत होतं. काल हसणाऱ्या बायांपैकी आज एकीनंही हर्षिताकडे पाहिलं नाही. रुख्मा मात्र पऱ्ह्याची, रोवायच्या रोपांची, पेंढी हातात घेऊन धुऱ्याशी आली.

“जमुना काऊन थांबत होती, ते नाई लिहिलं का?”

“जे दिसते तेच लिहायचं असते, काकू.”

“मंग पाहालेच नाई आलं तुले.”

मग तिनं सांगितलं. रोवताना बाया पाठीमागं सरकत जातात. त्यामुळं जिचा हात सावकाश, ती एकटी पुढं उरते आणि धुऱ्यावरच्या माणसाला आधी तीच दिसते. पाचवी सुशिलाबाई साठी उलटलेली, गुडघे गेलेले. तिच्या शेजारची जमुना टोळीत सगळ्यांत चपळ. आपल्या वाट्याचं रोवून झालं की ती ताठ उभी राही, कंबर धरून उगाच इकडंतिकडं बघे आणि म्हातारी बरोबरीला आली की पुन्हा वाके. जमुना थांबली की बाकीच्याही हात आवरता घेत. दोन हंगाम हे असंच चाललं होतं.

“मी आत्ता बाबाले सांगते,” हर्षिता म्हणाली.

“सांग. मंग उद्या सुशिलाबाई घरी बसंल.”

एकीच्या माथ्यावरचा कामचोरपणाचा डाग पुसायचा, तर दुसरीची रोजी जाणार होती, आणि दोन्हीला कारण तिचाच कागद. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं छत्री मिटली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चौथ्या जागेवर चिखलात उतरली.

शेतकऱ्याची पोर असून तिला रोवता येत नव्हतं. रोपं तिरपी बसत, काही चक्क तरंगत. तास-दीड तासात तिची कंबर धरली. मुन्नालाल धुऱ्यावर आला तेव्हा अकरा बाया ताठ उभ्या होत्या आणि पुढं एकटी त्याची मुलगी चिखलाशी झुंजत होती.

“ह्या साऱ्या काऊन उभ्या आहेत?” त्यानं विचारलं.

“तुमच्या पोरीसाठी, मालक,” रुख्मा म्हणाली. “एकटी पुढं राहिली तं लोक हासतात.”

मुन्नालालनं ओळीवरून नजर फिरवली. चौथ्या जागेच्या शेजारी कोण आहे तेही त्यानं पाहिलं. सुशिलाबाईनं मान खाली घातली. मग त्यानं हर्षिताला बाजूला बोलावलं.

“म्हातारीचा हात हळू आहे, हे मले का आज समजलं?” तो हळूच म्हणाला. “वीस वर्षं ह्या धुऱ्यावर उभा राहून राहिलो. दिसते अन् सोडून देतो. पण लिहिलेलं कसं सोडू? अन् तेही श्यामलालपुढं.” मग म्हणाला, “जा, जमुनाले घेऊन ये.”

जमुना चुलीपाशी बसली होती. चिखलानं भरलेल्या हर्षिताला पाहून ती उठली नाही.

“माझी चूक झाली, काकू,” हर्षिता म्हणाली. “बाबांनी बोलावलं आहे. मीही बोलावते.”

“येतो. तो कागद आण आधी.”

हर्षितानं घरी जाऊन कागद आणून दिला. जमुना सातवी शिकलेली. तिनं चौथी ओळ बरोबर शोधली आणि एकेका खुणेवर बोट ठेवत मोजलं.

“चौदाच?”

“दहा मिनिटांतून एकदाच पाहत होते मी.”

“चाळीस वेळा तरी थांबलो असन,” जमुना म्हणाली. “चौदा दिसले तं घरी बसवलं. सगळे दिसले असते तं गावाबाहेर काढलं असतं.”

तिनं कागदाची घडी केली आणि चुलीत सारली. हर्षितानं तो ओढून घेतला नाही. प्रकल्प द्यायला आठ दिवस उरले होते.