जाळ्यातून सोडलेली सील

मी आइसलँडच्या उथळ आखातातली ठिपक्यांची सील बोलतेय. जमिनीवर मला बघून तुम्ही हसता. पोट घासत सरकणारं पोतंच दिसते मी. हसा. पाण्यात या, मग बोलू.

ओहोटीला खडकावर जन्मले आणि भरती आली तशी पोहू लागले. आमच्यात तेवढीच सवड मिळते. बुडी मारली की नाकपुड्या मिटतात, काळजाचे ठोके मंदावतात, वीस वीस मिनिटं श्वास लागत नाही. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही. तो गेल्याची थरथर मिशांना कळते. चरबीतून थंडी आत शिरत नाही. एवढं सगळं मिळालं, फक्त नायलॉनचं जाळं ओळखायची युक्ती द्यायची राहून गेली.

यंदा जूनमध्ये मला पहिलं पिल्लू झालं. नवव्या दिवशी ते किनाऱ्यावरच्या केटिल म्हाताऱ्याने पिल्लांच्या कातड्यासाठी लावलेल्या जाळ्यात अडकलं. दातांनी दोर तोडता तोडता मीही गुंतले. दोघांची नाकं तेवढी पाण्यावर.

होडी आली. केटिल आणि त्याची नवी सून हाल्बेरा.

"मामंजी, ही मोठी कशी बघतेय! अगदी सासूबाई!"

"हळू बोल. दोघींचे कान तिखट आहेत."

त्याने सुरी काढली आणि माझ्याभोवतीचं जाळं कापलं.

"अहो, नवंकोरं जाळं ते!"

"आईला मारायचं नसतं, पोरी. पुढच्या जूनचं पिल्लू काय मी देणार?" त्याने तिच्या हातात सोटा दिला. "घे. आपल्या घरात मोसमातलं पहिलं पिल्लू नव्या सुनेनं मारायचं."

पहिला घाव जबड्यावर बसला. पिल्लू मला हाका मारत राहिलं.

"डोक्यात घाल, डोक्यात! बटाटे कुटतेस का?"

दुसऱ्याने डोळा फुटला. तिसऱ्याला हाक थांबली. त्या रक्ताला माझ्याच दुधाचा वास होता.

मी उसळून केटिलचा हात धरला. दात हाडाला भिडले. एक बोट माझ्या तोंडात राहिलं. हाल्बेराने माझ्यावर सोटा उगारला.

"तिला नको!" तो किंचाळला. "तिला जाऊ दे!"

आता जुलै सरत आलाय. पोटात नवा जीव आहे. तो सुरुवातीला दोन महिने वाढायचा थांबतो, म्हणून पुन्हा जूनमध्येच जन्मेल. ही आमची सोय, पण केटिलला ती तोंडपाठ. म्हणून पुढच्या खेपेला मी बाहेरच्या खडकावर जाणार आहे. तिथे लाटा फुटतात, होडी लागत नाही. पिल्लू आपटून मरेलही.

केटिलबाबा, तुमची दया तेवढी आमच्या मागे पाठवू नका.