डोक्यावरचा कापूस

शहाद्याची कापसाची सरकी काढायची जिन मंदीत बंद पडली, त्याला दोन वर्षं होत आली होती. लोणखेड्यातल्या एका घरात मात्र ती अजून चालूच होती. दोधू त्या जिनमधला फिटर. नुसत्या आवाजावरून कुठल्या रुळाचं चामडं झिजलंय ते तो सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही. त्याचा बाप भिला त्याच जिनमध्ये राबून म्हातारा झालेला. आता डोळे गेले होते, खाटेवर पडून असे. जिन बंद झाली हे त्याला सांगायची कोणाची छाती झाली नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही ते पाळलं.

म्हातारा रोज संध्याकाळी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवी. केसांत कापूस लागला की त्याला जेवण गोड लागे. म्हणून दोधूची बायको दगूबाई जुन्या उशीतला कापूस पिंजून गोठ्यात ठेवी आणि नवरा घरात शिरण्याआधी त्याच्या केसांत, भुवयांवर चोळी.

पहिलं वर्ष दोधूने जिवाचं रान केलं. दोंडाईचा, नंदुरबार, पार नवापूरपर्यंत पायी हिंडला. यंत्राचा आवाज कानावर पडावा म्हणून तो नुसता तळमळायचा. पुढे कधीतरी ते विझलं. मग सकाळी भाकरी बांधून निघायचं ते फक्त बापाला पावलं ऐकू यावीत म्हणून, आणि नदीकाठच्या बाभळीखाली बसून संध्याकाळ करायची. त्याला आता कोणी नाही म्हणत नव्हतं, कारण तो कोणाला विचारतच नव्हता. दगूबाई लोकांच्या रानात निंदून कंबर मोडून घेत होती आणि नवरा अजून दारोदार फिरतोय असं समजत होती.

दसरा चार दिवसांवर असताना चुनीलाल मुकादम दारात आला. शहाद्यात नवी जिन सुरू व्हायची होती आणि त्याला दोधूचाच कान हवा होता. दोधू नुकताच ओट्यावर चढला होता, डोकं कापसाने पांढरंशुभ्र. चुनीलालने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुले कोनी उचली लिधं का रे? मी तं तुन्हाकरताच उनू."

दोधूने तोंड उघडलं, पण आतून म्हातारा बोलला. इतक्या ताठ आवाजात तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

"मन्हा पोऱ्या एक दिन रिकामा नई ऱ्हायना, भाऊ. तुम्ही दुसरा कोनले लई जा."

"मंग उखाले ईचारस," म्हणून चुनीलाल वळला. उखा हा जुन्या जिनमधलाच दुसरा फिटर.

दगूबाईने गोठ्याच्या दारातून सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तो आते वेसपावत बी गया नसाव. लवकर जा. बाबाले मी समजाडसू."

नुसती हाक मारली असती तरी चुनीलाल थांबला असता. पण दोधूचा पाय उचलेना, आणि हे बापाच्या धाकाने नव्हे, हेही त्याला उमगलं. चुनीलालने पाठ फिरवली तेव्हा दोधूला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या वाटण्याचीच त्याला भीती वाटली. तरी तो ओट्यावर बसला.

"सकाय जासू," तो म्हणाला.

दगूबाई त्याच्याकडे बघत राहिली. बाभळीखालचं अख्खं वर्ष तिला तेवढ्यात कळलं. ती चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उखा भाकरी बांधून जिनकडे गेला. दोधूही भाकरी बांधून निघाला, नदीकाठी. संध्याकाळी परतला तेव्हा गोठ्यात दगूबाई नव्हती. तो थोडा वेळ दाराशी थांबला. मग त्यानेच गोठ्यातल्या त्या जुन्या उशीत हात घातला, उरलासुरला कापूस केसांत चोळला आणि बापापुढे जाऊन डोकं वाकवलं.